पिलाटेस करूनही सायकलवर कंबर दुखतेय? या चुका टाळा

बोपदेव घाट उतरताना खडीवर सायकल घसरली, कंबरेवर आपटलो आणि तीन महिने सायकल गॅलरीत धूळ खात उभी राहिली. फिजिओने पिलाटेस सुचवलं, म्हणजे मॅटवर सावकाश, ताबा ठेवून करायचे व्यायाम. मी शहाणा, पहिल्याच आठवड्यात व्हिडिओ लावून 'हंड्रेड' सुरू केला: डोकं-खांदे वर, पाय हवेत, हात शंभर वेळा वरखाली. पोट थरथरलं, बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मोजे घालायला वाकता येईना.

पोटात आग झाली की कोअर (पोट-कंबरेभोवतीचे स्नायू) तयार झाला, हा गैरसमज आधी सोडा. सायकलवाल्याला हवं असतं ते इतकंच की पाय फिरत राहावेत आणि कंबर जागची हलू नये. जोसेफ पिलाटेसने आपल्या पद्धतीला 'कंट्रोलॉजी', म्हणजे ताब्याचं शास्त्र, म्हटलं होतं, ते उगीच नाही.

घरी तपासायचं तर पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, कंबरेखालची पोकळी जेमतेम भरेल अशी नॅपकिनची घडी ठेवा. एक पाय उचलताना कुणाला तरी ती हळूच ओढायला सांगा. अलगद निघून आली, तर कंबर उचलली गेली. मग पाय उचलूच नका. टाच जमिनीवर सरकवत लांब न्या नि परत आणा. (आमच्याकडे नॅपकिन ओढायला लेक होती. दोन आठवडे तीच जिंकत होती.) घडी निसटू नये म्हणून कंबर जमिनीत दाबून धरणं, हीसुद्धा चूकच.

श्वास रोखू नका. चढावर श्वास कोंडून कोण पेडल मारतं? गप्पा मारता येतील इतपतच पोट आवळा, श्वास सोडताना पाय हलवा.

मणक्यातल्या डिस्कचा त्रास असेल, तर रोल-अपसारखे पुढे वाकण्याचे प्रकार फिजिओ हो म्हणेपर्यंत बाजूला ठेवा. सायकलवर आपण तासन्तास वाकलेलेच असतो. त्याऐवजी ब्रिज करा: पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलायची. त्यात मांडीच्या मागे गोळा येत असेल, तर टाचा थोड्या जवळ घ्या आणि ढुंगणाचे स्नायू आवळून मगच कंबर उचला. कॉलरबोन मोडलं असेल, तर हातांवर भार येणारा प्लँक डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. पायात मुंग्या, बधिरपणा वाढला किंवा लघवीवर ताबा राहिना, तर मॅट गुंडाळून थेट दवाखाना गाठा.

एवढं करूनही दुखत असेल, तर सीट बघा. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघ्यात साधारण 25 ते 35 अंशांचा बाक हवा. सीट उंच असेल तर कंबर डोलणारच, तिथे कुठलाही व्यायाम कामाचा नाही. मित्राला मागून मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा आणि त्यात फक्त शॉर्ट्सचा कमरपट्टा बघा. माझा होडीसारखा हलत होता. सीट एक सेंटिमीटर खाली घेतली.