निवृत्तीनंतर घरच्या घरी शिडाची होडी: आधी जिना मोजा

इंदूरात होडी बांधायला घेतली की शेजारी पहिल्यांदा विचारतात, "चालवणार कुठे?" सिरपूर आणि यशवंतसागर ही इथली तळी २०२२पासून रामसर यादीत, म्हणजे जपायच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहेत, तेव्हा त्यांचा विचार सोडावा. भोपाळचा मोठा तलावही त्या यादीत आहे, पण तिथे, म्हणजे सुमारे १९० किलोमीटरवर, शिडाच्या होड्या चालतात, मात्र परवानगीची चौकशी आधीच करून ठेवावी.

पहिली होडी लहान असावी. १९६३ साली इंग्लंडमध्ये आलेली 'मिरर' ही ३.३ मीटरची, दोन माणसांची होडी नवशिक्यांनी घरी बांधावी म्हणूनच आखली होती. तिच्यात प्लायवुडचे कापलेले भाग तांब्याच्या तारेने शिवून सांधे चिकटवतात, त्यामुळे मुरलेल्या सुताराचा हात लागत नाही. आराखडा ठरला की प्लाय आणण्याआधी दार आणि जिन्याचे वळण मोजावे. आमच्या रामबागेतल्या जुन्या घरात मी माडीवर काम मांडले, आणि तयार होडी जिन्यात न वळल्यामुळे ती शेवटी चौघांच्या मदतीने गॅलरीतून दोरांनी खाली सोडावी लागली.

प्लाय आयएस ७१० दर्जाचा (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचे भारतीय मानक), ६ मिलिमीटर जाडीचा घ्यावा. शिक्क्यावर विसंबू नये; एका दुकानातून आणलेल्या माझ्या पहिल्या तावाचे पदर पावसाळ्यातच सुटले होते. तेव्हापासून मी तळहाताएवढा तुकडा काही तास उकळत्या पाण्यात ठेवतो आणि तो सुकल्यावर पटाशीने कडा उचकटून पाहतो.

शिवताना कडेपासून सुमारे १ सेंटिमीटर आत, दर वीतभर अंतरावर भोके पाडून तार पकडीने पिळावी, पण आवळू नये. नंतर पुढे आणि मागे एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून मागून डोळा लावावा: दोन्ही पट्ट्या समांतर दिसल्या नाहीत तर होडीला पीळ पडलेला आहे, आणि तो आताच काढावा, कारण एकदा इपॉक्सी, म्हणजे सांधे जोडणारा दोन भागांचा गोंद, घट्ट झाले की तो निघत नाही.

सगळ्या कामाचा जीव या इपॉक्सीत आहे. उन्हाळ्यात ते भराभर आवळते, पावसाळ्यात दमट हवेने त्यावर चिकट थर येतो. म्हणून दिवाळीनंतर सुरुवात करून होळीच्या आत सांधे पुरे करावेत. राळ आणि हार्डनर डब्यावरच्या प्रमाणात काट्यावर मोजावे, आणि मिश्रण खोल पेल्यात न ठेवता पसरट ताटलीत ओतावे, कारण पेल्यात साचलेला गोळा स्वतःच तापून धूर सोडू लागतो. आतल्या कोपऱ्यांसाठी त्यात लाकडाचे बारीक पीठ मिसळून श्रीखंडाइतके घट्ट करावे, जुन्या चमच्याच्या पाठीने गोलाई द्यावी, आणि ते वाळल्यावर तारा कापून सांध्यांवर काचतंतूची पट्टी बसवावी. हातमोजे आणि घासताना मास्क यांत साठीनंतर तर कुचराई करूच नये. सागवानाचा भाग चिकटवायचा असल्यास आधी ॲसिटोनने पुसावा, कारण त्यातले तेल सांधा धरू देत नाही.

डोलकाठी आणि सुकाणू ही त्यामानाने सोपी सुतारकी आहे. पहिले शीड ताडपत्रीचे शिवले तरी चालते. होडी उलटली तरी तरंगत राहावी म्हणून दोन्ही बाजूंना हवाबंद कप्पे ठेवावेत, आणि तलावावर नेण्याआधी प्रत्येक कप्प्याच्या सांध्यांना साबणाचे पाणी लावून आत हलकेच हवा फुंकावी. जिथे बुडबुडे येतील तिथे पुन्हा इपॉक्सी लावावे.