एकदा पहाटे, एकदा भर दुपारी

सोलापूरकर जुनी गाडी बघायला बहुतेक वेळा संध्याकाळी जातो. ऑफिस सुटलेलं असतं, ऊन उतरलेलं असतं, बायको-पोरांना सोबत घेता येतं आणि येताना पार्क चौपाटीवर काहीतरी खाणंही होतं. विकणाऱ्याला तर हीच वेळ फार सोयीची. इंजिन दिवसभरात दोन-तीनदा सुरू होऊन गरम झालेलं, एसीला विशेष काम नाही, आणि एका दाराचा रंग दुसऱ्यापेक्षा वेगळा आहे हे पिवळ्या दिव्याखाली ब्रह्मदेवालाही कळणार नाही. मी दोन गाड्या अशाच संध्याकाळी घेतल्या आणि दोन्ही वेळा पस्तावलो. तिसरी नीट बघून घेतली. आता मेहुण्याला घरच्या पाच माणसांसाठी उंच बांध्याची गाडी हवी आहे, ‘दाजी, तुम्ही काय काय बघितलं ते लिहून द्या’ म्हणाला, म्हणून हे लिहून काढलं.

पहिली तयारी घरातच करायची. गाडीसाठी जेवढे पैसे काढून ठेवलेत त्यातले पन्नास-साठ हजार बाजूला ठेवा आणि ते आपल्याकडे नाहीतच असं समजा. टायर, बॅटरी, पहिली सर्व्हिस, विमा, नावावर करण्याचा खर्च, सगळं त्यातून होतं. मग इंधन ठरवा. जुळे सोलापुरातून नवी पेठ, पोरांची शाळा, आठवड्यातून एकदा सिद्धेश्वर, एवढंच चालणार असेल तर डिझेलच्या नादी लागू नका. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे धुराचे कडक नियम आले, तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ती जाळी साफ व्हायला गाडी मोठ्या रस्त्यावर थोडा वेळ वेगात पळावी लागते. तीन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ती तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि बदलायची वेळ आली तर रक्कम ऐकून माणूस खाली बसतो. दर आठवड्याला पुणं किंवा हैदराबाद असेल तर मात्र डिझेल खुशाल घ्या. पेट्रोल घेणार असाल तर इंधनाच्या झाकणावर आणि मॅन्युअलमध्ये ई-20 लिहिलंय का बघा. 2023 च्या आधीच्या बऱ्याच गाड्या वीस टक्के इथेनॉलसाठी बनवलेल्या नाहीत. ते इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं असेल, पण जुन्या रबरी नळ्यांना जिल्ह्याचा अभिमान नसतो. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट असेल तर आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) त्याची नोंद आणि टाकीच्या तपासणीचा दाखला मागा. ही तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते. टाकी डिकी खाते, हे वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट, या उंच बांध्याच्या गाड्या जीप नाहीत. वरून दणकट दिसल्या तरी खाली सांगाडा साध्या कारचाच असतो आणि ताकद बहुधा पुढच्या दोनच चाकांना असते. ‘शेतात बांधापर्यंत नेऊ’ म्हणून घेणार असाल तर आधीच्या मालकानंही हेच केलं असण्याची शक्यता धरून गाडीचं पोट, म्हणजे खालची बाजू बघा.

आपल्याकडे विकायला येतात त्यातल्या चार-पाच नेहमीच्या. डस्टर बाजारात आली 2012 ला, इकोस्पोर्ट 2013 ला, क्रेटा 2015 ला, ब्रेझा 2016 ला, नेक्सॉन 2017 ला. वाईट यातली कुठलीच नाही, प्रत्येकीला विचारायचा प्रश्न तेवढा वेगळा. डस्टर आणि इकोस्पोर्ट यांच्या डिझेल इंजिनांत टायमिंग बेल्ट असतो. तो कधी बदलला त्याचं बिल हवं, तोंडी ‘बदललाय हो’ चालत नाही. बेल्ट चालू गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उघडावंच लागतं. जुन्या डिझेल ब्रेझाला बेल्टऐवजी चेन आहे, तिथे गार इंजिन सुरू करताना खळखळाट येतो का ते ऐकायचं. इकोस्पोर्ट बनवणाऱ्या फोर्डनं 2021 मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, म्हणून ती घ्यायची तर आपल्या गावात ती कोण उघडतो आणि पार्ट किती दिवसांत येतो हे आधी विचारून या. गाडी छान चालते, पण बंपर यायला तीन आठवडे लागले तर तेवढे दिवस रिक्षा.

आता पहिली भेट, सकाळी सहाला. फोनवर स्पष्ट सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागला तर तिथेच अर्धं उत्तर मिळालं. चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी येतो म्हणा. सोबत टॉर्च, जुनं फडकं, पाण्याची बाटली आणि ओळखीचा मिस्त्री, एवढं पुरे. मिस्त्रीला पाचशे-हजार द्यावे लागले तर द्या, पण तो गाडी विकणाऱ्यानं सुचवलेला नसावा. बायको-पोरांना मात्र या भेटीला नेऊ नका. पोरानं एकदा सनरूफमधून डोकं बाहेर काढलं की तुमचा भाव करायचा हक्क संपला.

इंजिन गार आहे तोवर कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या रंगीत पाण्याचं झाकण उघडा. गरम असताना कधीही उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. आपल्याकडे हे झाकण बाकी सगळ्या गाडीपेक्षा जास्त बोलतं. तिसऱ्या गाडीच्या आधी मी अक्कलकोट रोडवर एक बघितली होती, पांढरीशुभ्र, सीट कव्हरसुद्धा नवं. आमच्या मिस्त्रीनं झाकण काढलं, आतल्या कडेची पांढरी खपली नखानं खरवडली, अंगठ्यावर चोळली आणि मला दाखवली. ‘मालक, हे कूलंट न्हाई. ह्ये बोअरचं पाणी हाय. तुमच्या गिझरच्या कॉइलवर बसतंय की न्हाई, त्योच थर.’ चांगलं कूलंट हिरवं, गुलाबी किंवा निळं, पण स्वच्छ रंगाचं असतं. पाणी गढूळ, गंजाच्या रंगाचं किंवा नुसतं पांढरं दिसलं तर समजा की गळती होती आणि मालक वरून नळाचं पाणी ओतत आला. क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, वॉटर पंप झिजतो, आणि मे महिन्यात इंजिन तापून हेड गॅस्केट जातं. माझी दुसरी गाडी याच रस्त्यानं गेली. मोहोळच्या अलीकडे तापमानाचा काटा वर चढला, मी एसी बंद करून ‘पोचू की’ म्हणत राहिलो, आणि ते ‘पोचू की’ मला 38,000 रुपयांना पडलं.

तेलाचं झाकण उलटं करून बघा. आतून दुधाळ चिकट साय असेल तर पाणी तेलात मिसळत असल्याचा संशय धरा. मग गाडी सुरू करायची आणि मागे उभं राहायचं. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही. गार सकाळी थोडी पांढरी वाफ असते, पण इंजिन गरम झाल्यावरही ती थांबत नसेल आणि गोडसर वास येत असेल तर नमस्कार करून निघा. चावी फिरवताच एअरबॅगचा दिवा लागून विझायला हवा. तो अजिबातच लागत नसेल तर खूश होऊ नका, कुणीतरी दिव्याचंच तोंड बंद केलेलं असू शकतं.

सकाळच्या तिरप्या उन्हात रंग बघा. बॉनेटच्या आणि दारांच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे असतील तर ते कधीतरी उघडलेत. डिकीतला गालिचा उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि तो खड्डा टॉर्चनं बघा. वेल्डिंगची ओबडधोबड रेघ दिसली तर मागून धडक झालेली. कोपऱ्यात वाळलेला गाळ दिसला तर पूर. 2019 ला सांगली-कोल्हापुरात पाणी शिरलं, 2025 च्या सप्टेंबरात आपल्याच सीना नदीनं काठ सोडला. अशा गाड्या धुवून-पुसून दुसऱ्या गावात विकायला येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. गाळाची रेघ पट्ट्याच्या त्या भागावर राहते जो कधी कुणी ओढत नाही.

मीटरवर विश्वास ठेवायचा नाही, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. तरी 42,000 किलोमीटर म्हणणाऱ्या गाडीच्या क्लच पेडलचं रबर गुळगुळीत का, स्टिअरिंग चकचकीत का, एवढं विचारायला लाज बाळगू नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. 2021 च्या गाडीला चारही टायर 2024 चे असतील तर एवढ्यात पहिले टायर संपले कसे? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद मागा. तिथे दर भेटीचे किलोमीटर लिहिलेले असतात.

दुसरी भेट दुपारी दोनला, उन्हात उभ्या केलेल्या गाडीकडे. एप्रिल-मे असेल तर उत्तम, पारा बेचाळीसच्या पुढे असतो. एसी लावा, आतली हवा फिरवायचं बटण दाबा आणि पाच-सात मिनिटं थांबा. सुरुवातीला गार हवा सगळ्याच देतात. गाडी उभी असताना गारवा कमी होतो आणि चालायला लागली की वाढतो असं झालं तर पुढचा पंखा किंवा कंडेन्सर बघायला लागतो. मागच्या सीटवर बसून बघा, आईला तिथेच बसायचंय. सनरूफ असेल तर बाटलीतलं पाणी कडेनं हळूच ओता. ते खाली चाकाजवळून पडायला हवं, छताच्या कापडात मुरायला नको. उन्हानं रबर कडक झालेलं असतं आणि धुळीनं पाणी जायच्या नळ्या बुजलेल्या असतात.

मग ट्रायल. शहरातल्या शहरात एक चक्कर मारून काही कळत नाही, आपलं गाव सपाट. चार माणसं बसवून, एसी लावून तुळजापूर रोडला लागा आणि घाट चढा. जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर होतात, डिझेलचे पैसे तुम्ही द्या, म्हणजे मालकाला नाही म्हणता येत नाही. हायवेवर ऐंशीच्या वेगाला काच बंद करून रेडिओ बंद करा. एकसुरी घूं-घूं येत असेल आणि वेगाबरोबर वाढत असेल तर चाकाचं बेअरिंग. घाटात वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबल्यावर आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, तर क्लच प्लेट संपत आली. टर्बोची शिट्टी हलकी असते, किंचाळल्यासारखी नको. उतरताना ब्रेकवर स्टिअरिंग थरथरतं का बघा. आणि वर पोचलाच आहात तर देवीचं दर्शन घ्या, तेवढ्यात इंजिन उभं राहून तापतं आणि परत सुरू करताना खरं काय ते कळतं.

परत आल्यावर गटारीसाठी खोदून बुजवलेल्या एखाद्या रस्त्यावरून वीसच्या वेगानं न्या. असे रस्ते शोधावे लागत नाहीत. पुढून कटकट आली तर लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश, हा खर्च जड नाही, भाव पाडायच्या कामाचा आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढे घेताना टक-टक-टक आली तर एक्सलचा सांधा. उतरून पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा. रिमवर काळं ग्रीस उडालेलं असलं की त्या सांध्यावरची रबरी टोपी फाटलीय. ऑटोमॅटिक असेल तर ती गर्दीत, पाऊल-पाऊल सरकवत चालवा. कोरड्या क्लचचे गिअरबॉक्स अशाच वेळी गरम होतात आणि धक्के देतात. मोकळ्या रस्त्यावर ते देवमाणसासारखे वागतात.

सगळं पसंत पडलं तरी इसार देऊ नका, आधी कागद. आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा. सातबाऱ्यावरचा बोजा आपण बारकाईनं बघतो, तसंच. कर्ज फिटलं असेल तर बँकेची ना-हरकत आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हवा; ते पत्र जुनं असेल तर नवं मागवा, त्याची मुदत संपते. चासी नंबर स्वतः गाडीवरून वाचून आरसीशी जुळवा. ई-चलनं किती थकलीत ते नंबर टाकून मोबाइलवरच कळतं, ती विकणाऱ्यानं भरायची. एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेटही त्यानंच बसवून द्यावी. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या की ते एजंटाच्या ड्रॉवरमध्ये झोपू देऊ नका. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या, आणि ‘नो क्लेम बोनस तुम्हालाच मिळेल’ असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे. बोनस माणसाबरोबर जातो, गाडीबरोबर नाही.

केए-28 किंवा केए-32 ची, म्हणजे कर्नाटकातल्या विजापूर किंवा कलबुर्गीच्या नंबरची गाडी स्वस्त पडते, आपल्या बाजारात त्या खूप दिसतात. पण तिकडच्या आरटीओची फॉर्म 28 वरची ना-हरकत, मग इथला कर, मग आपला सोलापूरचा एमएच-13 नंबर, एवढं सगळं किमतीत मिळवून बघा. डिझेलचा कर पेट्रोलपेक्षा जास्त. ‘तसंच चालवा, कोण विचारतंय’ असं विकणारा म्हणेल. त्याला विचारणारा नसेल, पण इथे बारा महिन्यांहून जास्त चालवली तर तुम्हाला असेल.

ताबा घेताना दोन्ही चाव्या, सर्व्हिसची बिलं आणि ताबा पावती, तिच्यावर तारखेबरोबर वेळही लिहून घ्या, कारण त्या मिनिटापासूनची चलनं तुमची. आणि काचेवरचा जुना फास्टॅग तिथेच सोलून काढा. आम्ही विसरलो. महिनाभर सावळेश्वरचा टोल आधीच्या मालकाच्या खात्यातून कटत राहिला, आणि दर वेळी त्याचा फोन यायचा, ‘काय ओ, आज परत पुण्याला का?’