विंटर टायर चढवले आणि हवेचा दिवा पेटला, तर काय कराल?

कॅनडात नोव्हेंबर उजाडला की टायरच्या दुकानांत रांगा लागतात. क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. आम्हा टोरोंटोकडच्यांना तशी सक्ती नाही, पण पारा ७ अंशांखाली गेला की साध्या टायरचं रबर कडक होऊन पकड सुटते, म्हणून बरेच जण बदलतातच. आणि बदलून घरी येईपर्यंत डॅशबोर्डवर टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागलेला असतो: घोड्याच्या नालासारखा आकार, मध्ये उद्गारचिन्ह.

“चाकं बदललीत ना, मग लागणारच. लक्ष देऊ नका,” असं कुणीतरी हमखास सांगतं. मीही एक अख्खा हिवाळा तसाच काढला. फेब्रुवारीत मागच्या टायरमध्ये स्क्रू घुसला आणि दोन-तीन दिवस हवा हळूहळू जात राहिली. दिवा आधीपासूनच पेटलेला, तो वेगळं काय सांगणार? हायवेवर गाडी एका बाजूला ओढायला लागली तेव्हा कळलं. मागच्या सीटवर मुलं होती. म्हणून कळकळीने सांगतो, हा दिवा विझवूनच हिवाळ्यात शिरा.

सगळ्यात आधी दिवा कसा लागतो ते बघा. गाडी सुरू केल्यावर तो मिनिट-दीड मिनिट लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर बहुधा गाडीला चाकांतले सेन्सर सापडत नाहीयेत. न लुकलुकता सरळ स्थिर लागला, तर हवा कमी आहे. दोन्हींचे उपाय वेगळे.

हवा कमी असेल तर ती मोजायची, पण गाडी निदान तीन तास उभी असताना. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरून घ्या. टायरच्या अंगावर लिहिलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तो धरू नका. भारतात पंपावरचा मुलगा “किती भरू?” विचारायचा आणि आपण सवयीने “तीस-बत्तीस” म्हणायचो. इथे मशीन आणि आपण दोघंच. उणे अठरात हातमोजा काढून व्हॉल्व्हची टोपी फिरवताना बोटं बधिर होतात, म्हणून टोप्या प्लॅस्टिकच्याच ठेवा. धातूच्या टोप्या रस्त्यावर टाकलेल्या मिठाच्या चिखलाने गंजून व्हॉल्व्हला घट्ट चिकटतात.

तापमान ५-६ अंशांनी उतरलं की हवेचा दाब साधारण १ पीएसआयने (टायरमधला दाब याच मापात मोजतात) उतरतो. ऑक्टोबरात १५ अंशांना ३३ भरलेला टायर उणे २० ला २७ वर येतो. पंक्चर नसतानाही. दिवा साधारण २५ टक्के घट झाली की लागतो, म्हणजे ३३ च्या टायरला २५ च्या आसपास. दर महिन्याला थोडी हवा आपोआपही जाते, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत पहाटे दिवा दिसला तर घाबरू नका, पण भरायला उद्यावर टाकू नका.

लुकलुकणाऱ्या दिव्याचं काम जरा मोठं. अशा गाड्यांत प्रत्येक व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला बॅटरीवरचा छोटा सेन्सर असतो आणि तो रेडिओने दाब कळवतो. तुम्ही हिवाळ्यासाठी वेगळ्या रिम घेतल्यात आणि त्यांत सेन्सर नाहीत, तर गाडी शोधत बसते. अमेरिकेत २००८ च्या मॉडेलपासून ही यंत्रणा बंधनकारक आहे, कॅनडात नाही. म्हणून इथे सेन्सरशिवायची चाकं सर्रास बसवली जातात. टायर रिमवर चढवण्याआधीच सेन्सर मागा, नंतर मजुरी दुप्पट पडते. तुमच्या गाडीला ३१५ मेगाहर्ट्झचे लागतात की ४३३ चे, ते दुकानदाराकडून तपासून घ्या. सेन्सर बसले की गाडीला त्यांची ओळख करून द्यावी लागते. काही गाड्या थोडं चालवल्यावर स्वतःच ओळखतात, काहींना यंत्र जोडावं लागतं. जुन्या सेन्सरचाच क्रमांक नव्यात उतरवून घेतलात, तर एप्रिलमध्ये उन्हाळी चाकं परत लावताना पुन्हा ओळख करून द्यावी लागत नाही. मी तेच केलं आणि तेच सुचवेन.

काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतातच. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं आणि जास्त फेरे घेतं; एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, ते मोजून दिवा लावते. इथे खर्च काही नाही, फक्त क्रम चुकवू नका: आधी चारही टायरमध्ये बरोबर हवा, मगच मेनूतून किंवा बटणाने रीसेट. उलट केलंत तर गाडी कमी दाबालाच योग्य दाब समजते.

यंदा सेन्सरचे पैसे नसतील, तर साधं प्रेशर गेज घ्या आणि दर रविवारी सकाळी गाडी हलवण्याआधी चारही चाकं मोजा. आणि चाकं बदलल्यावर ८०-१०० किलोमीटरनी नट पुन्हा आवळून घ्या. ते सैल झाले तर सांगणारा दिवा नाही.