पिरियड फिल्मच्या (जुन्या काळातल्या सिनेमाच्या) कॉस्च्युम खात्यात नव्याने येणाऱ्यांसाठी

टॉमस हार्डीच्या १८९१ च्या कादंबरीवरचा 'टेस' (१९७९) हा सिनेमा हे काम शिकणाऱ्याने एकदा आवाज बंद करून बघावा. अँथनी पॉवेल यांना त्याच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळालं. नाडलेल्या खेडवळ मुलीची गोष्ट कपड्यांतून किती सांगता येते, ते तिथे कळतं.

मुंबईत १८९० च्या सुमाराची घाटावरची अशी मुलगी उभी करायची झाली, तर असिस्टंटच्या वाट्याला आधी ब्रेकडाउन येतं: कुठला सीन कथेतल्या कितव्या दिवशी, त्याचा तक्ता. शूटिंग क्रमाने होत नाही. फिल्मसिटीत सकाळी विटकी साडी लागते, दुपारी तीच कोरी. म्हणून साडीचे किमान ३ नग धरा. झटापटीच्या सीनला चोळ्या ५-६, कारण दर टेकला नवी फाटते.

मंगलदास मार्केटात कापड घेताना धागा जाळून बघा. सुताची राख होते, पॉलिएस्टरची काळी कडक गोळी. पॉलिएस्टर लाइटखाली चकाकतं आणि चहाचा रंगही धरत नाही. नऊवारीला फॉल-पिको करू नका. क्लोजअपमध्ये काठाची मशीनची शिलाई उघडी पडते.

नवं कापड जुनं करणं हे या खात्यातलं खरं कसब. आधी गरम पाण्यात धुवून खळ काढा, नाहीतर रंग डागाडागाने बसतो. १० लिटर पाण्यात साधारण १५० ग्रॅम चहा पावडर उकळून गाळा, साडी अर्धा तास हलवत ठेवा. लोखंडी घमेलं नको, चहातलं टॅनिन लोखंडाला लागून कापड काळपट राखाडी होतं. ओला रंग गडद दिसतो, तेव्हा आधी तुकडा वाळवून बघा.

मग पॉलिश पेपर. नवखे सगळीकडे सारखंच घासतात आणि साडी खोटी दिसते. झीज कामामुळे होते, तेव्हा ही मुलगी दिवसभर काय करते ते आधी विचारा. धारा काढणारीचं कापड मांड्यांवर झिजतं, हात पुसून पदराचं टोक मळतं. डोक्यावरच्या पदराचा रंग उन्हाने उडतो, पण कमरेत खोचलेल्या निऱ्यांच्या आत मूळ रंग शाबूत राहतो. निरी सुटली की तो दिसला पाहिजे.

पुढच्या शॉटला कपडे तसेच जुळावेत म्हणून प्रत्येक शॉटनंतर पुढून, मागून आणि चोळीच्या गाठीचा फोटो काढा. पावसाळ्यात जाड नऊवारी लवकर वाळत नाही. दमट गठ्ठा बांधलात तर बुरशीचे डाग पडतात, ते निघत नाहीत.