स्विस चार्डची रोपं मातीलगत आडवी पडत होती

स्विस चार्ड म्हणजे पालकासारखी एक पालेभाजी. फोंड्याला परसात सप्टेंबरमध्ये दोनदा पेरलं. रोपं बोटभर झाली की देठ मातीलगत काळा, सुतासारखा बारीक, आणि सकाळी सगळी आडवी. कडुनिंबाची फवारणी फुकट गेली. जास्त पाणी तर उलट मारकच. वैताग आला होता.

जमलं ते असं. पाऊस पुरता गेल्यावर, नोव्हेंबरात, बी रात्रभर भिजवलं. तांबड्या मातीत वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळून दीड सेंटिमीटर खोल पेरलं. चार्डचं एक बी म्हणजे खरं तर दोन-चार बियांचा गठ्ठा, म्हणून गर्दी होतेच. पहिल्या दोन बीजपानांनंतरची खरी पानं फुटताच एकेकच रोप ठेवून बाकीची कात्रीने कापली. उपटली नाहीत, शेजारचं मूळ हलतं. अंतर २५ सेंटिमीटर. पाणी सकाळीच, मुळाशी, वरची माती सुकल्यावर. दुपारी माडाची सावली.

आता बाहेरची पानं खुडून तांबडी भाजीसारखी खोबरं घालून करते.