पावसाची वही आणि सी भाषेतला माझा पहिला आलेख

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना गणपतीच्या सुट्टीत गावी गेलो, तेव्हा आमच्या प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी मला एक वही दाखवली. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक होता. रोज सकाळी साडेआठला गुरुजी त्यातलं पाणी मोजत आणि आकडा वहीत लिहीत. मागच्या पावसाळ्याचा हिशेब त्या वहीत होता: १ जून ते ३० सप्टेंबर, १२२ दिवस, १२२ ओळी. "तुमच्या कॉलेजात कॉम्प्युटर आहेत ना? मग याचा आलेख काढून आण. वर्गात लावू," गुरुजी म्हणाले.

मी वही उतरवून घेतली. आज नव्याने सी शिकणारी मुलं मला विचारतात की आलेख काढायला सुरुवात कुठून करायची, तेव्हा मी त्यांना हीच गोष्ट सांगतो, कारण त्या एका आलेखात बहुतेक सगळ्या चुका मी करून बसलो होतो.

आमच्या लॅबमध्ये टर्बो सी हा सी भाषेचा कंपायलर होता आणि त्यासोबत बोर्लंडची ग्राफिक्स लायब्ररी, म्हणजे बीजीआय. पडदा ६४० बाय ४८० बिंदूंचा, रंग १६. पहिला दिवस इनिटग्राफ, म्हणजे पडदा चित्रं काढण्यासाठी तयार करणारं फंक्शन, चालवण्यातच गेला. या फंक्शनला ड्रायव्हरची फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते सांगावं लागतं. मी पाथ स्मॉल लेटर्समध्ये, एकेरी बॅकस्लॅश देऊन लिहिला होता. सी मध्ये बॅकस्लॅशनंतर टी आला की तो टॅब होतो आणि बी आला की बॅकस्पेस. 'टीसी' आणि 'बीजीआय' ही दोन्ही फोल्डरं अशी गायब झाली आणि ग्राफिक्स सुरूच झालेलं नाही, एवढाच संदेश येत राहिला. बॅकस्लॅश दुहेरी लिहा, किंवा ड्रायव्हरची फाइल आपल्या प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये ठेवून पाथ रिकामा सोडा. आणि इनिटग्राफनंतर लगेच ग्राफरिझल्ट (काम जमलं की नाही ते सांगणारं फंक्शन) तपासायची सवय लावा. ती एक ओळ लिहिली असती तर माझे दोन तास वाचले असते.

आता मुख्य भाग. दहावीच्या आलेख कागदावर आपण वरच्या उजव्या कोपऱ्यात काय लिहितो आठवतं? "प्रमाण: क्ष अक्षावर १ सेमी = १ एकक." परीक्षेत गुण जाऊ नयेत म्हणून लिहायची ती ओळ, असं मला तेव्हा वाटायचं. पण आलेख म्हणजे ते प्रमाणच आहे. लायब्ररीला मिलिमीटर कळत नाहीत, दिवस कळत नाहीत, तिला फक्त बिंदू कळतात. ८० मिमी पाऊस पडद्यावरच्या कितव्या बिंदूवर येणार, हे तुम्ही सांगायचं. हे सांगणारी दोन छोटी फंक्शन्स, एक क्षसाठी आणि एक यसाठी, नीट लिहिली की उरतं ते फक्त मूव्हटू आणि लाइनटू, म्हणजे एका बिंदूवर जाणं आणि तिथून रेघ ओढणं.

मी पडद्यावर चौकट आखली: डावीकडे ६०, उजवीकडे ६००, वर ५०, खाली ४३०. म्हणजे आलेखाला रुंदी ५४० आणि उंची ३८० बिंदू. बाकीची जागा आकडे आणि नावांसाठी. समास आधी सोडा, नंतर जागा सापडत नाही. वहीतला सर्वांत मोठा आकडा १८७ होता, म्हणून यअक्ष ० ते २०० धरला आणि दर ५० मिमीला एक खूण केली. खुणा १, २, ५ किंवा त्यांच्या दहापटींच्या अंतरानेच द्याव्यात. १८७ चे चार भाग करून ४६.७५ वर खूण केलेला आलेख कोणालाही वाचता येत नाही.

पहिल्यांदा चालवला तेव्हा सगळा पावसाळा उलटा लटकलेला दिसला. पडद्याचा शून्य बिंदू डावीकडे वरच्या कोपऱ्यात असतो आणि य खाली जाताना वाढतो, म्हणून किंमत तळाच्या ४३० मधून वजा करायची. ही चूक सगळेच करतात आणि लगेच सापडते, तिची काळजी नको.

काळजी करायची ती पुढच्या दोन चुकांची.

एक, माझा आलेख उजव्या कडेपर्यंत पोचतच नव्हता. १२२ दिवसांमध्ये १२१ अंतरं असतात. ५४० ला १२१ ने भागलं की ४.४६ येतात, पण दोन्ही संख्या इंट, म्हणजे पूर्णांक, असल्यामुळे सी ने सरळ ४ दिले. ४ गुणिले १२१ म्हणजे ४८४. उरलेले ५६ बिंदू कोरे. सप्टेंबरअखेरचा बिंदू जिथे असायला हवा होता त्याच्या बराच अलीकडे येऊन थांबला होता. आकडे बरोबर, रेघ बरोबर, आणि तरी आलेख खोटा. उपाय सोपा आहे: एका दिवसाची रुंदी आधी काढून ठेवूच नका. दिवसाचा क्रमांक (पहिला दिवस ०) फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्येत, घ्या, ५४० ने गुणा, १२१ ने भागा, ०.५ मिळवा आणि अगदी शेवटी इंट करा.

दुसरी चूक सापडायला तीन दिवस लागले. बहुतेक दिवस रेघ ठीक होती, पण जुलैत तीन-चार ठिकाणी ती एकदम पडद्याच्या तळाखाली जाऊन पुन्हा वर येत होती. मला वाटलं वही उतरवतानाच मी चुकलो. शेवटी ते दिवस वहीत शोधले, तर प्रत्येक दिवशी पाऊस धो धो होता. ८६ मिमीपर्यंत सगळं नीट, ८७ पासून पुढे बिघाड. टर्बो सी मध्ये इंट १६ बिटांचा असतो, त्यात जास्तीत जास्त ३२७६७ मावतात. ८६ गुणिले ३८० म्हणजे ३२६८०, मावले. ८७ गुणिले ३८० म्हणजे ३३०६०, नाही मावले. संख्या उलटून वजा ३२४७६ झाली, २०० ने भागल्यावर वजा १६२, आणि ४३० मधून ती वजा केल्यावर बिंदू ५९२ वर. पडदा तर ४७९ लाच संपतो. जे दिवस दाखवण्यासाठी गुरुजींना आलेख हवा होता, नेमके तेच दिवस हरवत होते. कोकणातला पाऊस नसता, कुठल्या कमी पावसाच्या तालुक्याची वही असती, तर ही चूक मला कदाचित दिसलीच नसती, असं मला आजही वाटतं. आजच्या बहुतेक कंपायलरमध्ये इंट ३२ बिटांचा असतो, म्हणून हे उदाहरण जसंच्या तसं घडणार नाही, पण गुणाकाराआधी फ्लोट किंवा डबल करायची सवय सोडू नका.

वहीत दोन दिवस आकडाच नव्हता, गुरुजी तालुक्याला गेले होते. मी तिथे शून्य भरलं होतं. शून्य म्हणजे पाऊस नाही, कोरी जागा म्हणजे माहीत नाही. या दोन गोष्टी एक नव्हेत. मूव्हटू आणि लाइनटू ही जोडी पेन प्लॉटरसारखी वापरता येते: मूव्हटू म्हणजे कलम उचलून न्यायचं, लाइनटू म्हणजे टेकवून ओढायचं. आकडा नसलेल्या दिवशी कलम उचला. रेघेत खंड दिसला पाहिजे.

आलेख तयार झाला, आणि तो बघताना माझ्या लक्षात आलं की रोजच्या पावसाला रेघ शोभत नाही. मंगळवारचे ४० आणि बुधवारचे १० यांना जोडणारी रेघ मधल्या काळाबद्दल काहीतरी सांगू बघते, पण तिथे सांगण्यासारखं काही नसतं. रोजच्या पावसाला उभे खांब बरे. रेघ खरी शोभते ती बेरजेला: १ जूनपासून आजवर एकूण किती पडला. ती रेघ कधी खाली येत नाही. झड लागली की उभी चढते, उघडीप असली की आडवी पडते. आमच्याकडची बेरीज तीन हजार मिमीच्या पुढे जाते, म्हणून अक्ष नव्याने आखावा लागला, पण ती दोन फंक्शन्स तयार होती. फक्त २०० च्या जागी ४००० लिहिले.

अक्षाचं टोक ठरवताना एक आकडा मी मुलांना नेहमी सांगतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. तो दिवस रोजच्या पावसाच्या आलेखात घ्यायचा तर अक्ष हजारापर्यंत न्यावा लागेल, आणि मग ३८० बिंदूंच्या उंचीत २० मिमीच्या दिवसाला जेमतेम ८ बिंदू मिळतील. अशा वेळी मोठा आकडा गुपचूप कापू नका. दोन आलेख काढा, किंवा कापला आहे असं आलेखावरच लिहा.

आता लायब्ररीबद्दल. टर्बो सी ६४ बिट विंडोजवर सरळ चालत नाही, डॉसबॉक्स (जुने डॉसचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) लागतं. कॉलेजात तेच असेल तर तेच वापरा, प्रमाणाचं गणित शिकायला ते उत्तम आहे. घरी मात्र मी पीएलप्लॉट सुचवेन. ती मोफत आहे आणि सी मधून सरळ वापरता येते. पीएलइनिट, मग पीएलएन्व्ह ला दोन्ही अक्षांची टोकं, पीएललॅब ला नावं, पीएललाइन ला क्ष आणि य चे अॅरे, शेवटी पीएलएंड. य वरच्या दिशेने वाढतो, खुणा आपोआप येतात. पार्श्वभूमी मुळात काळी असते, छापायचं असेल तर पीएलइनिटच्या आधी पांढरी करून घ्या. पीएलएंड विसरलात तर फाइल अर्धवट राहू शकते. चित्र काढण्यासाठी तिचा केरो ड्रायव्हर निवडला की अक्षाला 'पाऊस (मिमी)' असं देवनागरीत नावही देता येतं. टर्बो सी मध्ये हे सोपं नव्हतं, आमच्या प्रिंटवर नावं मी स्केचपेनने लिहिली होती.

पण हे सगळं बीजीआयवर किंवा तशाच एखाद्या साध्या लायब्ररीवर एक आलेख स्वतःच्या हाताने काढल्यानंतर. पीएलएन्व्ह आत काय करते हे माहीत असेल, तर आलेख विचित्र दिसल्यावर शोध कुठे घ्यायचा ते कळतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी प्रिंट घेऊन गुरुजींकडे गेलो. बेरजेची रेघ त्यांनी बोटाने जूनपासून शेवटपर्यंत चाचपली आणि विचारलं, "यात नक्षत्रं कुठे आहेत? गावात कोण तारखेने पाऊस सांगतो?" परत जाऊन मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, प्रत्येक नक्षत्र लागायच्या तारखेला मी एक उभी तुटक रेघ मारली. सेटलाइनस्टाइलची एक ओळ आणि क्षचं तेच फंक्शन. त्या वर्षी आश्लेषात रेघ जवळजवळ आडवी होती. गुरुजींनी तिथे पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं, "वरकस जमिनीतली नाचणी गेली ती इथे," आणि कागद फळ्याशेजारी लावला.