केमोनंतरचं ‘पेशी वाढवायचं इंजेक्शन’: या चुका टाळा

बाबांची केमो नागपूरला चालायची आणि आम्ही राहतो वणीच्या पुढे, खेड्यात. पहिल्या केमोनंतर फिलग्रॅस्टिमच्या (पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या औषधाच्या) सुया सोबत दिल्या, गावातल्या सिस्टरकडून रोज एक टोचून घ्या म्हणून. मे महिना, एसटीचा प्रवास. मी सुया थेट बर्फात खुपसून आणल्या. घरी पाहतो तर गोठलेल्या. पुन्हा नागपूर, पुन्हा खर्च, आणि बाबांचा एक दिवस वाया.

हे औषध म्हणजे प्रथिन. त्याला २ ते ८ अंश सेल्सिअस लागतं; ऊन चालत नाही, तसंच गोठणंही चालत नाही. डबी कापडात गुंडाळा, थर्मासमध्ये बर्फाला चिकटू देऊ नका, सुई जोरात हलवू नका. गावात लाईन सारखी जात असेल तर इन्व्हर्टर असलेल्या मेडिकलवाल्याला फ्रिजमध्ये ठेवायची विनंती करा. गोठली किंवा तापली असं वाटलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचू नका.

शरीर स्वतःही हे प्रथिन बनवतं. पेशी एकमेकींना निरोप देतात ते सायटोकाइनमधून, आणि जी-सीएसएफ हा त्यातलाच एक; फिलग्रॅस्टिम म्हणजे त्याचंच औषधरूप. न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तात जेमतेम एखादा दिवस टिकतात, म्हणून हाडांच्या मगजात त्या रोज नव्या घडाव्या लागतात. जी-सीएसएफ कोवळ्या पेशीवरच्या ग्राहीवर (निरोप झेलणाऱ्या प्रथिनावर) बसलं की आत जेक आणि स्टॅट नावाच्या प्रथिनांची साखळी हलते. पेशी विभागते, लवकर तयार होते, तगून राहते. निरोप तुटला की ती स्वतःच मरणाची वाट धरते.

म्हणूनच घाई नको. केमो मुख्यतः विभागणाऱ्या पेशींना मारते. केमो संपून २४ तास होण्याआधी सुई दिली, तर विभागायला लावलेल्या पेशीच केमोच्या तावडीत सापडतात. पुढच्या केमोआधीही तेवढंच अंतर हवं.

पहिल्या एक-दोन दिवसांत पांढऱ्या पेशींचा काउंट वाढला म्हणून सुया बंद करू नका. ही वाढ मगजातल्या साठ्याची असते; खरी घसरण पुढे असते. आणि प्लेटलेट किंवा हिमोग्लोबिन यानं वाढत नाही.

आता आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाचं. विदर्भात सिकलसेल (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक रक्तविकार) बराच सापडतो. सिकलच्या रुग्णाला या औषधानं जीवघेणा झटका येऊ शकतो. घरात कुणाला सिकल असेल, तर डॉक्टर विचारोत न विचारोत, पहिल्याच भेटीत सिकलचं कार्ड पुढे ठेवा. तपासणी झाली नसेल तर करून घ्या.

कंबर, मांड्या ठणकणं नेहमीचं आहे, मगज कामाला लागलेला असतो. पण डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्यात दुखलं तर ती प्लीहेची (पोटात डावीकडे बरगडीखाली असलेल्या अवयवाची) तक्रार असू शकते, लगेच कळवा. ताप वाटला की गोळी देण्याआधी थर्मामीटर लावा. १००.४ फॅरनहाइट किंवा वर असेल तर सकाळच्या एसटीची वाट पाहू नका. रात्रीच गाडी करा, केमोची फाईल सोबत घ्या.